गेम बॉयचा बाप

होस्टेलवर रात्री अकरानंतर जे वाद सुरू होतात त्यांना अंत नसतो. मेसची भाजी, कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या, धोनी की कोहली... आणि अलीकडे त्यात आणखी एका वादाची भर पडली आहे. नवा गेमिंग कन्सोल बाजारात आणायचा तर कंपनीने आधी काय बघावं? तगडं हार्डवेअर, की खिशाला परवडेल अशी किंमत? एक पार्टी म्हणते, प्रोसेसरमध्ये दम नसेल तर तो कन्सोल कसला, ते तर लहान पोरांचं खेळणं! दुसरी पार्टी म्हणते, बाबांनो, पीएस५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तो ४९,९९० रुपयांना, नोव्हेंबर २०२२ मध्ये तोच ५४,९९० झाला. एवढ्या पैशात आमची अख्खी वर्षाची मेस निघते. मग कुणीतरी टेबलावर हात आपटतो, शेजारच्या रूममधून शिव्या येतात आणि वाद दुसऱ्या दिवसावर जातो.

या वादात मी कुठल्या पार्टीत, असं मला नेहमी विचारलं जातं. मी उत्तर देण्याऐवजी एका माणसाची गोष्ट सांगतो. हा माणूस १९९७ मध्येच गेला, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या जन्माच्याही आधी. पण या प्रश्नाचं जितकं स्वच्छ उत्तर त्याने आयुष्यभर काम करून दिलं, तितकं दुसऱ्या कुणीच दिलेलं नाही. आणि विशेष म्हणजे तो आपल्यातलाच होता. अगदी साधा, मोठ्या कंपन्यांनी नाकारलेला इंजिनिअर. त्याचं नाव गुनपेई योकोई.

योकोईचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा, जपानमधल्या क्योटो शहरातला. शिक्षण तिथल्याच दोशिशा विद्यापीठात, शाखा इलेक्ट्रॉनिक्स. अभ्यासात काही फार चमकला नाही. मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांत नोकरी मिळाली नाही, तेव्हा घराजवळ आहे म्हणून १९६५ मध्ये त्याने एका जुन्या कंपनीत नोकरी धरली. कंपनीचं नाव निन्टेंडो. थांबा, लगेच टाळ्या वाजवू नका! तेव्हाची निन्टेंडो म्हणजे पत्ते छापणारी कंपनी. १८८९ मध्ये सुरू झालेली, हानाफुदा नावाचे फुलांच्या चित्रांचे जपानी पत्ते बनवणारी. आणि योकोईचं काम काय? पत्ते बनवणाऱ्या मशिनची देखभाल. मशिन बंद पडलं की चालू करून द्यायचं, बंद नाही पडलं की बसून राहायचं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर मेन्टेनन्सला टाकलं होतं त्याला.

आता मशिन नीट चालत असताना माणूस काय करणार? योकोई कारखान्यातल्या साधनांवर स्वतःच्या करमणुकीच्या वस्तू बनवायचा. अशीच त्याने एकदा एक लांब होणारी पकड बनवली. बँकेच्या दाराला जे चॅनल गेट असतं ना, ओढलं की पसरतं आणि ढकललं की मिटतं, तशा एकमेकांत अडकवलेल्या पट्ट्या. या टोकाला हँडल दाबलं की पट्ट्या सर्रकन पुढे जातात आणि त्या टोकाचा पंजा वस्तू पकडतो. नेमके त्याच वेळी कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाऊची फेरीवर आले आणि त्यांच्या नजरेला हा प्रकार पडला. हे साहेब कडक म्हणून प्रसिद्ध. योकोईला बोलावणं आलं तेव्हा त्याला वाटलं, झालं, आता नोकरी गेली. झालं उलटंच. साहेबांनी त्या खेळण्याचं विक्रीचं मॉडेल बनवायला सांगितलं. १९६६ मध्ये ते 'अल्ट्रा हँड' या नावाने बाजारात आलं आणि दहा लाखांच्या वर खपलं. मेन्टेनन्सचा पोरगा खेळणी डिझाइन करणारा झाला.

इथून पुढे योकोईच्या कामाची जी पद्धत दिसते ती मला फार भारी वाटते. तो नवीन तंत्रज्ञान शोधायला जातच नाही. जे आधीच सगळीकडे पडलेलं आहे ते उचलतो आणि कुणाच्या डोक्यात आलं नसेल अशा जागी वापरतो. १९६९ चं त्याचं 'लव्ह टेस्टर' घ्या. मुलगा आणि मुलगी एकमेकांचा हात धरणार, मोकळ्या हातात दोघंही एकेक इलेक्ट्रोड पकडणार, आणि काटा सांगणार प्रेम किती! आत काय? आपल्या फर्स्ट इयरच्या लॅबमधलं गॅल्व्हानोमीटर. दोन शरीरांतून जाणारा बारीकसा करंट तो मोजतो. तळव्याला घाम आला की रेझिस्टन्स कमी होतो आणि काटा पुढे सरकतो. फिजिक्स इतकंच. पण त्या काळच्या जपानमध्ये मुलामुलींनी चारचौघांत हात धरण्याची सोय कुठे होती? विकलं गेलं ते गॅल्व्हानोमीटर नव्हतं, हात धरायचं निमित्त होतं.

त्याहून मजेशीर त्याची १९७२ ची रिमोटची गाडी, 'लेफ्टी आरएक्स'. तेव्हा रिमोट कंट्रोलच्या गाड्या प्रचंड महाग होत्या, कारण डावं, उजवं, पुढे, मागे अशा प्रत्येक हुकमासाठी वेगळी यंत्रणा लागे. योकोईने विचार केला की शर्यतीच्या गोल ट्रॅकवर गाडी वळते कुठे? एकाच बाजूला. मग उजवीकडे वळायची यंत्रणा हवीच कशाला? त्याने फक्त डावीकडे वळणारी गाडी बनवली. बटण दाबलं की डावीकडे, सोडलं की सरळ. बस्स! किंमत खाली आली आणि शर्यतीची मजा तशीच राहिली. सर्वसाधारण माणसाला खर्च कमी करायला सांगितला तर तो प्लॅस्टिक पातळ करेल, स्क्रू चारच्या ऐवजी दोन लावेल. योकोईने मटेरियलला हातच लावला नाही, खेळाला जे लागतच नाही तेवढंच काढलं. वस्तू स्वस्त करणं आणि वस्तू हलकी करणं यातला फरक मला या गाडीने शिकवला.

सगळंच छान चाललं असं समजू नका. शार्प कंपनीतून मासायुकी उएमुरा नावाचे इंजिनिअर सोलर सेलच्या निमित्ताने निन्टेंडोच्या संपर्कात आले आणि पुढे तिथेच आले. सोलर सेल प्रकाश पडला की करंट देतो, म्हणजे तो नेमबाजीचं लक्ष्यही होऊ शकतो! यातून १९७० मध्ये प्रकाशाच्या बंदुकीची खेळणी निघाली आणि चांगली खपली. मग १९७३ मध्ये कंपनीने ओस पडलेल्या बोलिंग हॉलमध्ये याच कल्पनेवर भल्यामोठ्या नेमबाजीच्या गॅलऱ्या उभारायला घेतल्या. त्याच वर्षी जगावर तेलसंकट कोसळलं. ऑर्डरी धडाधड रद्द झाल्या आणि कंपनी कर्जात बुडाली. ते कर्ज फेडण्यात पुढची कित्येक वर्षं गेली. योकोईच्या पुढच्या कामामागे हे कर्ज उभं आहे, हे विसरून चालणार नाही. मोठी, खर्चिक, चकाचक गोष्ट एका फटक्यात कशी आडवी होते हे त्याने जवळून पाहिलं होतं.

आता येतो मुख्य किस्सा. १९७० च्या दशकात शार्प आणि कॅसिओ या कंपन्यांचं कॅल्क्युलेटरवरून जबरदस्त युद्ध चाललं होतं. दरवर्षी कॅल्क्युलेटर आणखी छोटा, आणखी पातळ, आणखी स्वस्त. शेवटी एलसीडी स्क्रीन आणि कॅल्क्युलेटरची चिप या दोन्ही वस्तू अगदी कवडीमोल झाल्या. अशा वेळी योकोई बुलेट ट्रेनने चालला होता. समोर एक कंटाळलेला नोकरदार माणूस, हातात कॅल्क्युलेटर, उगाचच बटणं दाबत वेळ घालवतोय. आपण कॉलेजच्या एसटीत बसून जे करतो तेच! योकोईच्या मनात आलं, मोठ्या माणसाला लोकांच्या देखत न लाजता खेळता येईल असं छोटंसं यंत्र का असू नये?

ही कल्पना साहेबांपर्यंत पोचली तीही गमतीने. यामाऊचींच्या गाडीचा ड्रायव्हर एके दिवशी आला नाही, म्हणून योकोईला गाडी चालवायला बसवलं. नुसतं गप्प कसं बसायचं, म्हणून वाटेत त्याने ही कल्पना बोलून दाखवली. साहेबांनी ऐकून घेतलं, बाकी काही नाही. पण ज्या बैठकीला ते चालले होते तिथे त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर शार्पचे प्रमुख बसले होते. आठवड्याभरात शार्पची माणसं निन्टेंडोच्या दारात हजर!

कॅल्क्युलेटरचा एक आकडा सात छोट्या रेघांनी बनतो, हे आपण डिजिटलच्या प्रॅक्टिकलला शिकतोच. आठ आकडे म्हणजे छप्पन्न रेघा, आणि त्या हव्या तशा चालू-बंद करणारी चिप तयार मिळते आहे. योकोईने त्या रेघांच्या जागी चित्रं टाकली. या रेघेऐवजी विदूषकाचा उजवा हात, त्या रेघेऐवजी हवेतला चेंडू. चिपला काय, तिला आकडा दाखवायचा की चेंडू याने फरक पडत नाही. २८ एप्रिल १९८० ला 'गेम अँड वॉच'चा पहिला खेळ 'बॉल' बाजारात आला, किंमत ५,८०० येन. घड्याळ त्यात होतंच, पुढे गजरही आला. १९९१ पर्यंत या मालिकेचे मिळून ४ कोटी ३४ लाख नग विकले गेले. कंपनीचं कर्ज तर फिटलंच, वर नव्या कामाला पैसा उरला.

मी आठवीत असताना आमच्या गावच्या जत्रेतून आणलेला ब्रिक गेम उघडून पाहिला होता. त्यातही हेच होतं. छापलेले चौकोन असलेली एलसीडी, डांबराच्या ठिपक्याखाली लपलेली एक चिप, आणि दोघांना जोडणारी रबराची पट्टी. वर्षं लोटली, कंपन्या बदलल्या, पण जत्रेतल्या त्या दीडशे रुपयांच्या डबीचं घराणं योकोईच्याच दाराशी जातं. आपल्याकडच्या कितीतरी खेड्यांतल्या पोरांनी हातात धरलेला पहिला गेम तोच!

गेम अँड वॉचमुळेच आणखी एक गोष्ट जन्माला आली. १९८२ मध्ये 'डाँकी काँग' हा खेळ त्यात बसवायचा होता. मोठ्या मशिनवर जॉयस्टिक असते, पण खिशात ठेवायच्या यंत्राला दांडा कसा लावणार? योकोईने अधिकच्या चिन्हासारखं एक चपटं बटण केलं. अंगठा न उचलता चारही दिशा, आणि न बघता कळतं की अंगठा कुठे आहे. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, उएमुरांनी बनवलेल्या फॅमिकॉमच्या कंट्रोलरवर ते बटण आलं आणि मग सगळ्या जगानेच उचललं. आज तुमच्या हातात कुठल्याही कंपनीचा कंट्रोलर असो, डाव्या अंगठ्याखाली योकोई आहेच.

आणि मग १९८९. २१ एप्रिलला जपानमध्ये 'गेम बॉय' आला. किंमत १२,५०० येन, अमेरिकेत ९० डॉलरच्या आसपास. कागदावर त्याचं हार्डवेअर बघाल तर हसाल. साधारण ४ मेगाहर्ट्झचा ८ बिट प्रोसेसर, ८ किलोबाइट रॅम, १६० बाय १४४ ची स्क्रीन, रंग नाहीत, फक्त हिरवट राखाडीच्या चार छटा. मागून लाइटसुद्धा नाही! त्याच वर्षी अमेरिकेत अटारी कंपनीचा 'लिंक्स' आला. रंगीत स्क्रीन, मागून लाइट, हार्डवेअर कितीतरी वरचढ, किंमत १८० डॉलर. १९९० मध्ये सेगाचा 'गेम गिअर' आला, तोही रंगीत. आपल्या होस्टेलवरची पहिली पार्टी तेव्हा असती तर गेम बॉयचा निकाल तिथेच लावून मोकळी झाली असती.

असं सांगतात की प्रतिस्पर्ध्याचं यंत्र आल्याची बातमी घेऊन एक सहकारी धावत आला, तेव्हा योकोईने एवढंच विचारलं की ते रंगीत आहे का. हो म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला!

का, ते हिशेब करून बघा. लिंक्सला सहा पेन्सिल सेल लागत आणि ते चार-पाच तासांत संपत. गेम बॉयला चार सेल, आणि ते आरामात १५ तास चालत. म्हणजे १५ तास खेळायचं तर लिंक्सला १८ ते २४ सेल आणि गेम बॉयला ४. यंत्राची किंमत बाप एकदाच देतो, सेलचे पैसे मात्र पोराला दर आठवड्याला मागावे लागतात. किंमत म्हणजे नुसता खोक्यावरचा आकडा नव्हे, हे योकोईने ओळखलं होतं. लांबच्या प्रवासात मध्येच बंद पडणारं रंगीत यंत्र महाग, आणि घरी पोचेपर्यंत चालणारं राखाडी यंत्र स्वस्त.

रंगांबद्दल त्याचं म्हणणं होतं की काळ्या फळ्यावर खडूने दोन गोल काढून तो बर्फाचा माणूस आहे असं सांगितलं, की बघणाऱ्याला तो पांढराशुभ्र बर्फच दिसतो. खेळ चांगला असेल तर रंग डोकं भरतं. खेळच रटाळ असेल तर सोळा लाख रंगही त्याला वाचवत नाहीत.

पण इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, नाहीतर दुसरी पार्टी उगाच खूश होईल. योकोई कंजूष नव्हता. गेम बॉयसाठी आधी ठरलेली स्क्रीन जरा तिरक्या कोनातून बघितली की दिसेनाशी व्हायची. साहेबांनी ती पाहून नापसंती दाखवली, अख्खा प्रकल्प धोक्यात आला. तेव्हा ती बदलून वेगळ्या, अधिक चांगल्या प्रकारची एलसीडी घेतली गेली. तिथे पैसा वाचवला नाही, कारण खेळणाऱ्याला दिसणारच नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. शिवाय गेम बॉय एकट्या योकोईचा नव्हे. त्याच्या हाताखालचे सातोरू ओकाडा यांनी पुढे मुलाखतींतून सांगितलं आहे की योकोईच्या मनातलं यंत्र गेम अँड वॉचसारखंच साधं होतं, आणि कॅसेट बदलून वेगवेगळे खेळ खेळता येतील असं जरा ताकदीचं यंत्र व्हावं म्हणून ते स्वतः भांडले. म्हणजे आपल्या होस्टेलवरचा वाद त्या क्योटोतल्या ऑफिसातही झालाच होता! आणि गेम बॉय जो झाला तो या भांडणातून.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेत गेम बॉयच्या खोक्यातच 'टेट्रिस' दिला होता, मॉस्कोच्या अलेक्सेई पाझित्नोव्हने १९८४ मध्ये बनवलेला. टेट्रिसला ना रंग लागतात ना वेग, लागतं फक्त डोकं. १९९३ मध्ये रशियन अंतराळवीर अलेक्सांद्र सेरेब्रोव्ह गेम बॉय आणि टेट्रिस घेऊन मीर अंतराळस्थानकावर गेला. आखाती युद्धात एका बराकीत जळून वितळलेला एक गेम बॉय तरीही चालू राहिला आणि कितीतरी वर्षं न्यूयॉर्कमधल्या निन्टेंडोच्या दुकानात काचेमागे टेट्रिस दाखवत होता. गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ गेम बॉय कलर मिळून ११ कोटी ८६ लाखांहून जास्त विकले गेले. रंगीत गेम गिअर थांबला एक कोटीच्या आसपास, आणि लिंक्स त्याच्याही कितीतरी मागे.

सगळ्यात कमाल म्हणजे दोन गेम बॉय जोडायची केबल. सुरुवातीला तिचा फारसा उपयोग नव्हता. पण ती पाहून सातोशी ताजिरी नावाच्या तरुणाला वाटलं की या केबलमधून किडे सरपटत एका यंत्रातून दुसऱ्यात जात असतील तर? यातून फेब्रुवारी १९९६ मध्ये 'पोकेमॉन' आला, आणि सात वर्षांचं म्हातारं यंत्र पुन्हा जगभर खपायला लागलं. तगड्या प्रोसेसरचं आयुष्य चार-पाच वर्षांचं असतं. चार आण्याची केबल त्यापेक्षा जास्त टिकली.

इतकं वाचून तुम्हाला वाटेल, ठरलं तर मग, स्वस्त आणि जुनं तेच सोनं. थांबा. योकोईच्या आयुष्यात अजून एक प्रकरण आहे आणि ते वगळून त्याची गोष्ट सांगणं म्हणजे निकालपत्रातला नापास विषय झाकून घरी दाखवण्यासारखं आहे.

१९९५ मध्ये त्याने 'व्हर्च्युअल बॉय' आणला. डोळे लावून बघायचं आणि समोर खरीखुरी खोली दिसायची. युक्ती अफलातून होती. पूर्ण स्क्रीन नाहीच! प्रत्येक डोळ्यासाठी एलईडींची एकच उभी रांग, २२४ दिव्यांची, आणि तिच्यासमोर झरझर हलणारा आरसा. आरसा हलतो तशी ती एक रांग ३८४ जागी दिसते आणि डोळ्याला अख्खं चित्र भासतं. पुन्हा तीच पद्धत, स्वस्त भाग आणि वेगळा विचार. दिवे फक्त लाल, कारण लाल एलईडी स्वस्त होते आणि वीज कमी खात. प्रखर निळा एलईडी तर १९९३ मध्ये कुठे बाजारात आला होता, त्याच्या संशोधकांना पुढे २०१४ मध्ये नोबेल मिळालं. सगळे रंग घ्यायचे तर किंमत आकाशाला भिडली असती.

पण या वेळी गणित जमलं नाही. काळ्या अंधारात लालभडक रेघा बघून लोकांची डोकी दुखायला लागली. डोक्यावर घालायचं यंत्र शेवटी टेबलावर तिवईवर ठेवावं लागलं आणि खेळणाऱ्याला मान वाकवून त्यात तोंड घालून बसावं लागायचं. सात वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा इशारा खोक्यावर. खिशातही मावत नाही, टीव्हीवर चारचौघांत खेळताही येत नाही. अमेरिकेत किंमत १८० डॉलरच्या घरात, म्हणजे धड स्वस्तही नाही. जगभर सुमारे ७ लाख ७० हजार नग खपले आणि वर्षाच्या आत गाशा गुंडाळला.

मी या दोन यंत्रांची तुलना पुन्हा पुन्हा करतो. गेम बॉयमध्ये रंग गाळला, पण रंगाशिवाय टेट्रिसचं काहीच बिघडत नव्हतं. व्हर्च्युअल बॉयमध्येही रंग गाळला, पण तिथे विकायचं होतं ते डोळ्यांना मिळणारं सुख. ज्या गोष्टीसाठी माणूस पैसे देणार तीच गोष्ट स्वस्तात उरकली. लेफ्टी आरएक्समधून उजवं वळण काढता येतं, चाक काढता येत नाही!

म्हणून हार्डवेअर की किंमत, हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. खरा प्रश्न असा, की पैसा कुठे ओतायचा आणि कुठे हात आखडायचा हे ठरवणाऱ्याला खेळणारा माणूस माहीत आहे का? ताकदवान यंत्रं हरतातच असं नाही. पीएस२ त्या काळचं जोरदार यंत्र होतं आणि १५ कोटींच्या वर खपलं, पण त्यात डीव्हीडीही चालायची, म्हणजे एका पैशात दोन वस्तू. २००६ मध्ये अमेरिकेत पीएस३ आला ५०० आणि ६०० डॉलरला, तर ताकदीने कितीतरी कमी असलेला निन्टेंडोचा 'वी' आला २५० डॉलरला. हात हलवून खेळता येतं म्हणून घरची आजीसुद्धा खेळायला उठली, आणि वी दहा कोटींच्या पुढे गेला. त्यानंतरचा 'वी यू' मात्र, नवीन काय आहे हेच लोकांना न कळल्याने, दीड कोटीही गाठू शकला नाही. कंपनी तीच, धोरण तेच, निकाल वेगळा.

व्हर्च्युअल बॉयनंतर योकोईने लगेच राजीनामा फेकला असं बऱ्याच ठिकाणी सांगितलं जातं. पण कंपनी सोडून स्वतःचं काहीतरी करायचं हे त्याच्या मनात आधीपासूनच होतं, आणि जाण्याआधी त्याने एक काम पूर्ण केलं. जुलै १९९६ मध्ये आलेला 'गेम बॉय पॉकेट', आणखी छोटा, स्वच्छ स्क्रीनचा. मग ऑगस्ट १९९६ मध्ये, ३१ वर्षांच्या नोकरीनंतर, त्याने निन्टेंडो सोडली आणि क्योटोतच 'कोतो' नावाची छोटी कंपनी काढली. पंचावन्नाव्या वर्षी, कर्ज फेडून दिलेली, जगभर नाव झालेली कंपनी मागे ठेवून, पुन्हा पहिल्यापासून!

तिथे बांडाई कंपनीसाठी नव्या खिशातल्या यंत्राचं काम सुरू झालं. आणि ४ ऑक्टोबर १९९७ ला तो एका परिचितासोबत गाडीने चालला असताना होकुरिकू एक्सप्रेसवेवर गाडी पुढच्या ट्रकला धडकली. फार लागलं नव्हतं. काय नुकसान झालं ते बघायला योकोई खाली उतरला, आणि मागून आलेल्या दुसऱ्या गाडीने त्याला उडवलं. वय फक्त ५६. माझ्या मनात येतं की कुठे काय बिघडलंय ते बघायला खाली उतरणं ही त्याची पत्ते छापणाऱ्या मशिनपासूनची सवय होती.

त्याने सुरू केलेलं यंत्र इतरांनी पुरं केलं. मार्च १९९९ मध्ये 'वंडरस्वान' बाजारात आला. किंमत ४,८०० येन, म्हणजे १९८० च्या पहिल्या गेम अँड वॉचपेक्षाही एक हजाराने कमी. स्क्रीन कृष्णधवल, प्रोसेसर मात्र १६ बिट, कारण तोवर १६ बिटही जुना आणि स्वस्त झाला होता. आणि सेल किती? एक. एका पेन्सिल सेलवर ३० तासांच्या आसपास! त्याच्यासोबत रेघा जुळवायचा एक छोटासा खेळ आला होता. त्या खेळाचं नाव बनवणाऱ्यांनी ठेवलं, 'गनपेई'.

आपल्या कॉलेजात आता फायनल इयरच्या प्रोजेक्टचे विषय ठरतायत. जो तो सगळ्यात नवा बोर्ड, सगळ्यात महाग सेन्सर मागवतोय, आणि ज्याच्याकडे तेवढे पैसे नाहीत तो मान खाली घालून फिरतोय. त्या दुसऱ्या मित्रासाठी मी हे लिहिलंय. स्टोअरच्या मागच्या कपाटात जुने कॅल्क्युलेटर, बंद प्रिंटर आणि मीटर धूळ खात पडलेत. लॅब असिस्टंट मामांना विचारलं तर ते चावी देतात.